बोलण्यात दिलेली मुलगी

कारा-तोकोय, १२ मार्च २०१९

कान्यशाय,

तू माझा नंबर बंद केला आहेस, म्हणून कागदावर लिहिते. सोयुनबायची सून शुक्रवारी मॉस्कोला परत जाते आहे, तिच्याकडे पाकीट देईन. ती मलाही थोरली बहीण मानून म्हणाली, "द्या एजे, जीव गेला तरी पोहोचवते." मी म्हटलं, जीव राहू दे, पाकीट ओलं होऊ देऊ नकोस. ती हसली. तिला वाटलं मी विनोद केला.

बेगायच्या जन्मदाखल्याचा फोटो तुला मुकाशने पाठवला. तू विमानाच्या तिकिटासाठी मागितलास, त्याने कपाटातून कागद काढला, खिडकीशी धरला, फोटो घेतला आणि पाठवून दिला. वाचला नाही. तो कुठलाच कागद वाचत नाही, हे तुला ठाऊक आहे. दाखल्यात आईच्या रकान्यात माझं नाव आहे, बापाच्या रकान्यात माझ्या या नवऱ्याचं. अक्षर माझं आहे. आमच्या नोंदणी ऑफिसात तेव्हा कॉम्प्युटर नव्हता.

तुला कारण सांगणं माझं काम आहे. बेगाय जन्मली तेव्हा खिंड बर्फाने बंद होती. तू घरीच बाळंत झालीस, दवाखान्याची चिठ्ठी नव्हती. दाखला काढायचा आज-उद्या करत दहा महिने राहिला. मग तू आणि एर्मेक मॉस्कोला निघालात. मुलगे तुझ्या सासूकडे राहिले, बेगाय माझ्याकडे. गाडीत बसताना तू म्हणालीस, "दाखल्याचं तूच बघ गं एजे, तू तर त्याच ऑफिसात बसतेस. तुझ्या हातांवरून जीव ओवाळून टाकते." मी बघितलं. लस टोचायची, बालवाडीत घालायचं, जिथे जाल तिथे आईबापाची सही लागते, आणि तुम्ही दोघं विमानाने चार तासांवर. म्हणून सोयीसाठी माझं नाव घातलं. आपल्या गावात निम्म्या आज्या कागदावर स्वतःच्या नातवंडांच्या आया आहेत. या गोष्टी नोंदणी ऑफिसात बसणाऱ्या बाईइतक्या कोणालाच माहीत नसतात.

हे कारण खरं आहे. ते पुरेसं आहे की नाही, हे मला ठरवता येत नाही.

बेगायचा वरचा दात पडला. वजन एकवीस किलो. तिला यातलं काही सांगितलेलं नाही.

अनीपा


३० मार्च

कान्यशाय,

मुकाशच्या फोनवर आलेला तुझा निरोप ऐकला. त्याने तो स्वयंपाकघरात तीन वेळा लावला. पहिल्यांदा चुकून, मग माझ्यासाठी, मग बहुधा स्वतःसाठी. तू म्हणालीस, "तिला सांगा, माझ्यासाठी ती मेली. मला जिवंत पुरलं तिने. इथे रात्रंदिवस परक्यांचे संडास घासून माझी हाडं झिजली आणि माझ्या सख्ख्या बहिणीने माझ्या पोटात सुरी फिरवली."

मी बटाटे सोलत होते. सोलून झाले. मला काही वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. एवढंच मनात आलं, की सुरी ही तुझी जुनी आहे. मी तुझा हिरवा रुमाल न विचारता घातला होता तेव्हाही तू हीच सुरी काढली होतीस. हे मनात आल्याची मला लाज वाटते, म्हणून लिहून ठेवते.

माझा आणि अशा शब्दांचा सांधा कधी जुळला नाही. फ्रुंझे शहरात कॉलेजात असल्यापासून मी वही लिहिते. आता पलंगाखाली सव्वीस वह्या आहेत. मागच्या मंगळवारचं एक पान उतरवते. भाकरीवाली गुलनाज म्हणाली, "तुमची इडापिडा मला लागो," आणि कालची भाकरी दिली. टॅक्सीवाला पाच मिनिटं थांबला, म्हणाला, "बाई, तुमची वाट बघून दाढी पांढरी झाली." जाकिप बायके, आमचे ऑफिसप्रमुख, म्हणाले, "अनीपा, तू या ऑफिसचा खांब आहेस. तू नसलीस तर छप्पर कोसळेल," आणि सुट्टी नाकारली. शेजारच्या बुरूल आजीने बेगायला पाहून, "अगं माझी चांदणी, मी मरू दे तुझ्याऐवजी," असं म्हटलं आणि तिच्या हातातलं सफरचंद घेऊन स्वतःच्या नातवाला दिलं.

मी हे थट्टेने उतरवलेलं नाही. मला खरंच कळत नसे, की यातला किती भाग घ्यायचा आणि किती सोडायचा. बाकीच्यांना ते आपोआप कळतं. घासातला काटा जिभेने बाजूला काढावा तसे ते काढतात. मला प्रत्येक वेळी घास बाहेर काढून बघावा लागतो.

म्हणून त्या दिवसाचं सांगते. तू विसरली असशील, मी विसरले नाही. क्रमाने लिहिते, कारण सगळं क्रमात आहे.

ऑक्टोबर २०११. तुझा धाकटा चालायला लागला म्हणून त्याच्या पायातली दोरी कापायचा समारंभ होता. तुला पाचवा महिना. अंगणात मुलांची शर्यत झाली, दोरी कापली गेली, मग सगळे आत जेवायला बसले. बोलायचं काम मुकाशकडे होतं. तो शाळेत अ‍ॅकॉर्डियन शिकवायचा आणि शनिवार-रविवार लग्नांत बोलायला उभा राहायचा. अजूनही राहतो. माणसं म्हणतात, मुकाश नसेल तर लग्न लागलंच नाही. हेही तसंच.

मी तळलेल्या बोर्सोकचं ताट घेऊन आत आले. तुझ्या पाठीला उशी हवी होती, ती मी लावली. तू माझा हात धरलास. सगळ्यांसमोर म्हणालीस, "एजे, तुझ्यासारखी बहीण या आकाशाखाली नाही. मी तुझी सदका, तुझ्यावरून ओवाळून टाकलेली. हे पोटातलं आहे ना, ते तुझंच. जन्मलं की तुझ्या ओटीत टाकेन, मागे वळून बघणार नाही."

मुकाश लगेच पेला घेऊन उठला. "ऐका हो ऐका! माझ्या मेहुणीने आज मला बाप केलं!"

तू तुझ्या मेहुण्याला म्हणालीस, "जेज्दे, तुम्हाला नाही, माझ्या बहिणीला देते. तुम्हाला फक्त लंगोट धुवायला."

"लंगोट धुवेन, वर त्यावर गाणंही करेन!"

सगळे हसले. एर्मेकही हसला. तेवढ्यात थोरल्या सादिक-आतांनी जेवण संपल्याचा आशीर्वाद, बाता, द्यायला दोन्ही हात पसरले. सगळ्यांनी हात पसरले. ते म्हणाले, "बोललं ते फळो, घरात मुलं वाढोत, ओमीन." सगळ्यांनी तळहात तोंडावरून फिरवले. तूही फिरवलेस. तुझ्या अंगठ्याला तेल लागलं होतं, ते गालावर उमटलं.

आता मला हे सांग. तो बाता जेवणाचा होता की तुझ्या वाक्याचा? आतांनी हात पसरल्यावर जे वर गेलं ते परत खाली येत नाही, हे आपल्याला लहानपणी शिकवलं होतं. आणि आपल्यात बहीण बहिणीला मूल देते. आईची मावशी तशीच दिलेली होती. तू काही जगात न होणारी गोष्ट बोलली नव्हतीस.

तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते. माझी दोन जन्माआधीच गेली होती.

त्या वर्षीची वही उघडून बघावी म्हटलं, पण ती सापडत नाही.

अनीपा


६ मे

कान्यशाय,

उत्तर नाही. सोयुनबायची सून सांगते, दोन्ही पत्रं तू घेतलीस, फाडली नाहीस, बोलली नाहीस. त्याचा अर्थ काढायचा मी प्रयत्न केला नाही.

शनिवारी मुकाश एका लग्नात बोलायला गेला होता. नवरीच्या आईकडे बघून, लेक म्हणजे काय यावर बोलायला लागला आणि मध्येच थांबला. माईक हातात धरून रडला. माणसांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी नवरीच्या काकाने त्याला मानाचा नवा कोट घातला. घरी येऊन त्याने तो कोट खुर्चीवर टाकला आणि म्हणाला, "त्यांना वाटलं मी त्यांच्यासाठी रडतोय."

मग म्हणाला, "अनीपा, त्या दिवशी मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. तिच्या वाक्यानंतर सगळे गप्प झाले होते. ती शांतता मला सहन झाली नाही. ते माझं काम आहे. तुला ते खरं वाटेल असं माझ्या मनातही आलं नाही."

"आणि दाखल्यावर सही केलीस ती?"

"तू पुढे केलास, मी सही केली. तू कधी चुकीचा कागद पुढे करत नाहीस."

यानंतर मला वहीबद्दल लिहिणं भाग आहे. ती हरवली नव्हती. मागचं पत्र लिहिताना ती माझ्या गुडघ्यावर होती. सापडत नाही असं मी लिहिलं, कारण त्या दिवसाचं पान मी आधीच वाचलं होतं. जसंच्या तसं उतरवते:

"दोरी कापली. पंचेचाळीस माणसं. कान्यशाय बोलून गेली की पोटातलं मला देईल. तिला तसं म्हणायचं नव्हतं. तिने उशीबद्दल आभार मानले. आतांनी बाता दिला. मी काही बोलले नाही. तिला तसं म्हणायचं नव्हतं, हे मी उद्याही लक्षात ठेवायला हवं."

ही माझी ओळ आहे, त्याच दिवशीची. म्हणजे मला कळलं होतं. काटा बाजूला काढता येत नाही असं जे मी तुला लिहिलं, ते इतर दिवसांपुरतं खरं असेल. त्या दिवशी मला तो दिसला होता आणि मी तो गिळला.

मग तू मॉस्कोला गेलीस. दर रविवारी फोनवर म्हणायचीस, "ती तुझीच आहे गं एजे, मी नुसती पोटात वागवली." ते तू मला बरं वाटावं म्हणून म्हणायचीस, हेही मला कळत होतं. पण सात वर्षांत मी एकदाही म्हटलं नाही, की असं म्हणू नकोस.

दाखल्याची तारीख बघ. १७ डिसेंबर २०१२. तू ९ डिसेंबरला गेलीस. लस मार्चमध्ये होती. बालवाडीला तीन वर्षं अवकाश होता. तेव्हा सोय कसली? मी दुपारी जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसात कोणी नसताना भरला. नेहमीच्या अक्षरात, नेहमीच्या शाईने. मुलीचं नाव, तारीख, गाव, आई, बाप. त्या कागदात एक विशेषण नाही. आपल्या घरात आयुष्यभर जेवढं बोललं गेलं, त्यात खोटं म्हणावं असं ते एकच निघालं, आणि ते मी लिहिलं. तुमच्या बोलण्याने कोणाचं काही गेलं नव्हतं.

एवढं लिहिलं. मग उठून बेगायच्या मोज्यांना टाचा लावल्या.

अनीपा


२३ जून

कान्यशाय,

तुझं पत्र मिळालं. बेगायच्या गणिताच्या वहीसारखा चौकटीचा कागद. इथे उतरवते. तुझं तुला पुन्हा वाचायची गरज नाही, ते मी बरोबर वाचलं की नाही हे तू बघावंस म्हणून.

"एजे. मुलगी माझी आहे. मी त्या दिवशी बोलले ते चुकलं, पण मूल बोलण्याने दिलं जात नाही. कागद दुरुस्त कर. शाळा इथे लागेल. मी २४ ऑगस्टला येते. तिला आधी सांगून ठेव. कान्यशाय."

तू लहानपणी शाळेतून आईला लिहायचीस ती पत्रं मी वाचून दाखवायचे. "आई, तुझ्या आठवणीने माझं काळीज वितळून बुटात उतरलं." आई हसून हसून डोळे पुसायची. हे पत्र त्याच हाताचं आहे, हे अक्षरावरून ओळखावं लागलं.

मी १० जूनला जाकिप बायकेंच्या टेबलावर जबाब ठेवला. त्यांनी वाचला, दार लावून घेतलं.

"अनीपा, वेड लागलंय का तुला? हे काय लिहिलंयस?"

"जे झालं ते."

"'जाणूनबुजून खोटी नोंद केली.' अगं, जाणूनबुजून हा शब्द आहे का? ही फाशीची दोरी आहे! 'अनवधानाने' लिही. दोन बहिणींची नावं, घरी झालेलं बाळंतपण, धावपळ, लिहिताना ओळ चुकली. कोर्ट दुरुस्ती करेल, दहा मिनिटांचं काम. तुझी नोकरी राहील, माझं डोकं राहील."

"अनवधानाने नव्हतं, बायके."

"कोणाला कळणार आहे?"

"मला माहीत आहे."

"तुला माहीत असायला हरकत नाही. कागदाला नको." मग आवाज खाली आणून म्हणाले, "वीस वर्षं आहेस इथे. तुझ्या रजिस्टरात मी एक खाडाखोड पाहिली नाही. मी तुझ्यासाठी प्राण देईन, पण ही सही नाही घेणार."

मी म्हटलं, प्राण नकोत, सही घ्या. त्यांनी पुढचे तीन दिवस घेतली नाही. चौथ्या दिवशी घेतली.

मुकाश घरी म्हणाला, "माझं सगळं आयुष्य फुगवलेल्या शब्दांवर चाललं. त्यात कोणी तुरुंगात गेलं नाही. तुला एक शब्द कमी करता आला नाही?" नंतर म्हणाला, "आणि हे तू कान्यशायसाठी करत नाहीयेस. स्वतःच्या वहीसाठी करतेयस."

त्याचं म्हणणं मी तपासून पाहिलं. काही अंशी खरं आहे. अनवधानाने लिहिलं असतं तर दाखला लवकर दुरुस्त झाला असता आणि तुझं काम झालं असतं. आता कोर्टाला दोन महिने लागतील. मी वकिलाला दोनदा विचारलं. तो म्हणतो ऑगस्टच्या मध्यापर्यंत होईल, तुझी तारीख चुकणार नाही. ही खात्री करून घेतल्यावरच मी जबाब दिला, की जबाब दिल्यावर खात्री केली? आधी जबाब दिला. खात्री नंतर केली. हे तुला माहीत असलेलं बरं.

नोकरी सोमवारपासून नाही. माझ्यावरचा खटला ऑक्टोबरमध्ये उभा राहील. मुकाशला साक्षीला बोलावतील. न वाचता सही केली एवढंच त्याने सांगायचं आहे, आणि ते खरं आहे.

बेगायला सांगितलं. अंगणात दोरीवर उड्या मारत होती तेव्हा. मी म्हटलं, "कान्यशाय मावशी नाही, ती तुझी आई आहे. तू तिच्या पोटातून आलीस. मी तिची बहीण आहे, मी तुला वाढवलं." तिने उड्या थांबवल्या नाहीत. सत्तावीसवर अडखळली तेव्हा म्हणाली, "मग ती मला बाहुली का पाठवते? आया बाहुल्या नाही पाठवत." मी म्हटलं, लांब असल्या की पाठवतात. ती पुन्हा एकपासून मोजायला लागली.

जेवताना मला काय म्हणायचं असं तिने विचारलं. मी म्हटलं, आत्तापर्यंत म्हणत होतीस तेच, आपा, त्याचा अर्थ आई असला तरी. हे तुझ्या परवानगीशिवाय सांगितलं. तुला चालणार नसेल तर तू आल्यावर बदल.

अनीपा


२९ ऑगस्ट

कान्यशाय,

तुम्ही कालच गेलात, अजून मॉस्कोतल्या घराची खोलीही तिने नीट पाहिली नसेल. पण एका गोष्टीबद्दल लिहायला हवं, म्हणून आजच बसले.

चार दिवस तू आमच्याकडे राहिलीस. आपण कामापुरतं बोललो. चहा ओतू का, टॉवेल कुठे आहे, दुरुस्त दाखला या पाकिटात आहे, लसींचं कार्ड त्यात. तू दाखला उघडून बघितलास, आईच्या रकान्यावर बोट ठेवलंस आणि घडी घातलीस. मला तू ओरडशील असं वाटलं होतं. ओरडली असतीस तर मला काय करायचं ते माहीत होतं. तू ओरडली नाहीस. कमरेपर्यंत लांब वेणी होती तुझी, ती कापल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं, तेही मी विचारलं नाही.

जायच्या सकाळी दारात सगळी गल्ली जमली होती. तू आत पिशव्या बांधत होतीस. बुरूल आजी बेगायला छातीशी धरून मोठ्याने रडत होती, "अगं माझ्या काळजा, तू गेलीस की ही अनीपा मरेल गं! एक दिवस नाही जगायची! भिंतीला डोकं आपटून मरेल!" गुलनाज म्हणाली, "हे घर आता थडगं होणार." मुकाशही कोपऱ्यात उभा राहून तेच म्हणत होता, "आम्ही संपलो, बाळा, तुझा बाबा संपला." ते वाईट मनाने बोलत नव्हते. निरोप असाच देतात. गप्प उभे राहिले असते तर तू म्हणाली असतीस, माझ्या मुलीचं कोणालाच काही नाही.

बेगाय त्यांच्यातून सुटून स्वयंपाकघरात आली. मी वाटेसाठी अंडी उकडत होते. तू पिशवी घेऊन दारात आलीस, ते तेव्हाच.

ती म्हणाली, "आपा, मी गेले की तू मरणार?"

"नाही."

"बुरूल आजी म्हणाली."

"तिला तसं म्हणायचं नव्हतं."

"बाबा पण म्हणाले ते संपले."

"तेही नाही संपणार. शनिवारी त्यांना एका लग्नात बोलायचं आहे."

"आणि तू काय करणार?"

"तुम्ही गेलात की भांडी घासेन. मग बटाटे काढायला परसात जाईन, ते या आठवड्यात काढायलाच हवेत. मग झोपेन."

"नक्की नाही ना मरणार?"

"नक्की नाही."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग एक अंडं मागितलं, मिठाबरोबर उभ्याने खाल्लं आणि बूट घालायला गेली.

तू ते ऐकलंस. तुझा चेहरा मी पाहिला. गाडीत बसताना तू म्हणालीस, "सात वर्षं, एजे. सात वर्षांनंतर लेकराला तू बटाटे सांगितलेस." तुझं माझ्याशी बोललेलं ते एकच वाक्य होतं, जे कामाचं नव्हतं. मी उत्तर दिलं नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

म्हणून आता देते. तिला तुमच्याबरोबर सहा तास गाडीत आणि चार तास विमानात बसायचं होतं. ती सात वर्षांची आहे. तिला जे सांगावं ते ती धरून ठेवते. कोणाच्या बोलण्यातलं किती सोडायचं असतं हे तिला अजून येत नाही, आणि ते तिला माझ्या घरात कोणी शिकवलंही नसतं. आपण गेलो म्हणून एक बाई भिंतीला डोकं आपटून मरते आहे, हे घेऊन ती मॉस्कोपर्यंत आली असती. तिथल्या शाळेतही तिने ते बाकावर मांडून ठेवलं असतं.

मी भांडी घासली. बटाटे काढले, अर्धी रांग राहिली आहे. काल जेवले नाही, आज जेवले. रात्री झोप लागली नाही, पण पडून राहिले. तिची गादी अजून घडी केलेली नाही. मुकाश म्हणतो राहू दे, म्हणून राहू दिली आहे. मी मेलेली नाही.

ती पुन्हा विचारेल. पहिल्या आठवड्यात विचारेल, तिला तशी सवय आहे, एकदा विचारून तिचं भागत नाही. विचारलं तर तेच सांग, की आपा ठीक आहे, बटाटे काढते आहे. त्यात तुझं काही घालू नकोस.

अनीपा